नकारानंतरची भेट

बेळगाव जिल्ह्यातील सर्व ख्रिस्ती धर्मगुरू, पाळक, धर्मभगिनी आणि प्रचारक यांच्या सेवेशी,



खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, जेथून चोर्ला घाटाने गोव्याची वाट उतरते आणि कणकुंबीच्या माउलीपाशी उगम पावलेली मलप्रभा अद्याप ओढ्याच्याच रूपात असते, त्या जांबोटीच्या मुलखात राहणारा मी एक ख्रिस्ती गृहस्थ आहे. मी कोणत्याही धर्मसंस्थेचा पगारी सेवक नाही, की कोणत्याही पदावरून हे लिहीत नाही. आमचे पूर्वज गोव्यातून घाट चढून इकडे आले. येथील भाताची खाचरे, येथील पाऊस आणि येथील गावकीची वहिवाट त्यांनी आपली मानली, आणि शेजारी ज्या देवांना नारळ देत त्यांना नारळ न देताही ते गावचेच राहिले. हे सांगण्याचे कारण एवढेच, की शेजाऱ्याच्या आत्म्याची चिंता हा विषय आपण बहुधा व्यासपीठावरून पाहता, आणि मी तो बांधावरून पाहत आलो आहे.

ही चिंता ख्रिस्ती माणसाने वाहावी, याविषयी माझ्या मनात किंचितही संदेह नाही. जी गोष्ट मला जीवनदायी वाटते ती शेजाऱ्यापासून आयुष्यभर लपवून ठेवणे हा कदाचित शिष्टाचार ठरेल, परंतु त्यात स्नेह आहे असे मला म्हणवणार नाही. त्यामुळे 'तुमचा धर्म तुमच्या देवळात ठेवा' असे सांगणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहिलेला नाही. माझी कैफियत निराळी आहे. शेजाऱ्याने आपले म्हणणे ऐकून घेतले, त्यावर विचार केला आणि अखेरीस 'नको' म्हटले, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून आपण त्याच्याशी कसे वागतो? आपल्या साऱ्या कळकळीची कसोटी त्या दुसऱ्या दिवशी लागते, आणि त्या कसोटीला आपल्यापैकी पुष्कळजण उतरत नाहीत, असे मला दुःखाने वाटते.

काही वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगतो. आमच्या भागातील एका गवळीवाड्यावर एका तरुण सुनेला दीर्घ खोकला लागला, अंग झडत चालले, आणि देवऋषी, अंगारा, कोंबडे हे सर्व करून झाल्यावर तपासणीत क्षय निघाला. शहरातून एक प्रार्थनामंडळी दर आठवड्यास जीपने त्या बाजूस येत असे. माणसे भली होती. त्यांनी त्या घरी गुडघे टेकले, तिच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि खानापूरच्या सरकारी दवाखान्यातून तिची औषधे आणून देण्याचे काम आपणहून पत्करले. सहा महिन्यांच्या त्या औषधात खंड पडू द्यायचा नसतो. आणि वीसेक किलोमीटरची वाट व वर आषाढाचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या उपकाराचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. त्या घरात बसून मी त्यांची प्रार्थना ऐकली आहे. सून गोणपाटावर भिंतीला टेकून बसलेली, चुलीच्या धुराने आढे काळवंडलेले, कोपऱ्यात घोंगडी वाळत घातलेली, फळीवर हळदीने पिवळे झालेले पितळी टाक. आणि कन्नड वळणाच्या मराठीतले अर्धेच शब्द जिला कळत होते ती म्हातारी सासू प्रत्येक 'आमेन'ला हात जोडीत होती. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाप्तिस्म्याचा विषय निघाला, आणि त्यापूर्वी फळीवरचे टाक काढून द्यावेत असे सुचविण्यात आले. सासूने शांतपणे सांगितले, की तुमचा देव चांगला आहे, त्याचे नाव रोज घ्या, आम्ही ऐकतो. पण हे आमचे वाडवडील आहेत, यांना घराबाहेर घालवता येणार नाही. मंडळींनी वाद घातला नाही, रागही केला नाही. पुढच्या आठवड्यात जीप त्या वाड्याकडे वळली नाही, इतकेच झाले. औषधात खंड पडला. गावच्या आशाताईंच्या ते ध्यानात आले, तेव्हा त्या भर पावसात पायी गोळ्या पोचवू लागल्या, आणि सून बरी झाली.

पुढे त्या मंडळीतील एका सज्जनाशी माझे बोलणे झाले. त्यांच्या उत्तरात कपट नव्हते. हात थोडे आणि घरे फार आहेत. जेथे दार उघडते तेथे आधी जावे हे क्रमप्राप्त आहे. आणि जे गाव ऐकत नाही त्या गावाची धूळ पायांवरून झटकून पुढे चला, असे खुद्द प्रभूनेच शिष्यांना सांगितले नव्हते काय, असे त्यांनी मला विचारले. हा आक्षेप वजनदार आहे, आणि शुभवर्तमानातून काढलेला असल्यामुळे त्याला शुभवर्तमानातूनच उत्तर द्यावयास हवे.

ती आज्ञा ज्यांना झाली ते वाटसरू होते. थैली नाही, दोन अंगरखे नाहीत, आज या गावी तर उद्या त्या गावी, अशा स्थितीत त्यांना पाठविले होते. आपली गोष्ट वेगळी आहे. आपली रेशनकार्डे येथली आहेत, आपल्या मुलांच्या शाळा येथे आहेत, आपल्या थडग्यांची जमीन याच गावांच्या हद्दीत आहे. जो गावातच राहतो त्याला गावाची धूळ झटकता येत नाही. शिवाय त्याच शुभवर्तमानात शोमरोन्यांच्या त्या गावाची कथा आहे, ज्याने येशूला उतरायला जागा नाकारली; तेव्हा दोघा शिष्यांना त्या गावावर आकाशातून अग्नी पडावा असे वाटले, आणि येशूने गावाला न रागावता त्या दोघांनाच दटावले. आणि मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे दहा कुष्ठरोग्यांची. दहा जण बरे झाले, आभार मानायला एकच परतला. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशूने विचारले खरे, परंतु त्या नवांचे आरोग्य त्याने परत मागितले नाही. ते नऊजण आपापल्या घरी धडधाकट देहाने गेले आणि तसेच राहिले. आमच्या गवळीवाड्यावरची ती सून या नवांतलीच होती. तिच्या बाबतीत मात्र औषधच थांबले.

नकारानंतर कसे वागावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली बेळगावात ठाणे मांडले, आणि त्याच बेळगावात १८३१ साली कासार कुळात जन्मलेले बाबा पदमनजी त्या मिशनच्या शाळेत शिकले. त्यांचा बाप्तिस्मा १८५४ साली बेळगावातच झाला. त्याआधी त्यांच्या मनात वर्षानुवर्षे जी उलथापालथ चालली होती तिची साद्यंत हकिकत 'अरुणोदय' या आत्मचरित्रात आहे. ती वाचताना एका आत्म्याच्या प्रवासाला किती अवधी लागतो आणि त्या अवधीत घाई करणारा मनुष्य किती हानी करू शकतो, हे ध्यानात येते. परंतु त्यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो तो दुसऱ्याच कारणाने. बाप्तिस्म्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८५७ साली, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले, आणि त्यात हिंदू विधवांच्या यातना मांडल्या. ज्यांच्यासाठी त्यांचे मन कळवळले त्या स्त्रियांपैकी बहुतेकींनी ख्रिस्ती देवळाचा उंबरठा कधी ओलांडला नसता, आणि हे त्यांना ठाऊक असलेच पाहिजे. पुस्तकात ख्रिस्ती धर्माचा पुरस्कार आहे, तो उघड आहे, त्यावर टीकाही झाली आहे. परंतु केशवपनाने विद्रूप केलेल्या एखाद्या विधवा मुलीचे दुःख बाबांना दिसले ते ती ख्रिस्ती होईल म्हणून दिसले, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणे होईल.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण याहून अधिक जवळचे, कारण त्यांना नकार मिळाला तो स्वतःच्या घरात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे नगरास पतीजवळ आल्या तरी स्वतःचे सोवळेओवळे सांभाळून आल्या. टिळकांचा स्वभाव तापट होता, हे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे. ते घाईने पेटत, घाईने विझत. अशा मनुष्याने या एका बाबतीत पत्नीच्या स्वयंपाकाच्या चुलीला आणि तिच्या देवांना हात लावला नाही, हे त्यांच्या आयुष्यातील मोठ्यांत मोठे तप मला वाटते. जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला, हा निर्णय लक्ष्मीबाईंनी एके दिवशी एकट्यानेच बसून केला, कोणाचे प्रवचन ऐकून केला नाही. आणि त्यानंतर त्या ख्रिस्ती झाल्या. त्या झाल्या नसत्या तर? तर टिळक त्यांच्या सोवळ्याच्या चुलीशेजारी राहिलेच असते, असा माझा विश्वास आहे. याच टिळकांनी पुढे १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोनच वर्षांत ते निवर्तले, त्यामुळे तो दरबार मूळ धरू शकला नाही. आपल्या मंडळ्यांनी त्या कल्पनेचा धागा पुन्हा हाती घेतला नाही, ही मराठी ख्रिस्ती समाजाची मोठी चुकलेली वाट आहे.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण इतके सरळ नाही. त्यांचे शारदासदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले तेव्हा तेथे धर्माच्या बाबतीत कोणावर दडपण येणार नाही, अशी हमी होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. सदन पुढे पुण्यास हलले, आणि यावरून १८९३ साली तेथे वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि पालकांनी अनेक मुली घरी नेल्या. रमाबाईंनी दार बंद करावयास हवे होते असे मला वाटत नाही. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्याचा हक्क ज्या घरात राहत नाही त्या घरात दुसऱ्या कोणाचाही हक्क राहत नाही. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनात मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आल्या, त्यांच्याविषयी विचार करताना मन दोन्हीकडे ओढले जाते. त्या मुलींना वाटेवरून उचलून आणायला दुसरे फारसे कोणी गेले नव्हते, ही गोष्ट रमाबाईंवर टीका करणाऱ्यांनी विसरू नये. आणि ज्या मुलीच्या पोटात अन्न पडून जेमतेम वर्ष झाले आहे तिच्या होकारात तिच्या भुकेचा वाटा किती, हा प्रश्न आपणही टाळू नये. अशा होकाराला आपण स्वतःच मुदत द्यायला हवी, आणि ती मुदत सरकारी मुदतीहून पुष्कळ लांब असावी.

या संदर्भात कायद्याविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. कर्नाटकाचे धर्मांतराविषयीचे विधेयक २३ डिसेंबर २०२१ रोजी विधानसभेत संमत झाले ते आपल्या बेळगावच्याच सुवर्णसौधात, आणि २०२२ साली त्याचा कायदा झाला. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरी अर्ज द्यावा, कोणाची हरकत असल्यास ती मागविण्यासाठी तो अर्ज कचेरीच्या फलकावर लावावा, आणि आरोप झाल्यास आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे, अशी त्यातील तरतूद. स्त्रिया, अल्पवयीन आणि अनुसूचित जाती-जमाती यांच्या बाबतीत शिक्षा दहा वर्षांपर्यंत. १५ जून २०२३ रोजी नव्या मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचे ठरविले. माझे मत स्पष्ट आहे: प्रौढ स्त्रीची आणि दलित माणसाची संमती इतरांच्या संमतीपेक्षा हलकी मानणारा कायदा हा त्यांचाच अवमान आहे, आणि मनुष्याची श्रद्धा कचेरीच्या फलकावर हरकतीसाठी टांगणे हे संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाला शोभणारे नाही. परंतु त्याच कायद्याने 'आमिष' या शब्दाखाली भेटवस्तू, फुकट शिक्षण, नोकरी यांबरोबर दैवी कोपाची भीतीही समाविष्ट केली आहे, ते वाचताना मला क्षणभर थांबावे लागले. कारण 'टाक काढा, नाही तर दुखणे परतेल' अशी वाक्ये आमच्या बाजूच्या वाड्यांवर उच्चारली गेली आहेत, हे मी नाकारू शकत नाही.

तो कायदा आल्यावर आपल्या लोकांत दोन वृत्ती वाढल्या. काहीजण भ्याले, आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यापूर्वी, तांदळाची पिशवी देण्यापूर्वी, उद्या हे आमिष ठरेल काय, असा विचार करू लागले, आणि मग जाणेच सोडून दिले. दुसरे काही अधिकच घाईला आले. रात्रीच्या सभा, चमत्कारांचे जाहीरनामे, आणि महिनाअखेरीस किती जीव आले याचा वर पाठवायचा हिशेब. वरकरणी या दोन वृत्ती परस्परविरुद्ध दिसतात, परंतु दोहोंतही शेजारी गैरहजर आहे. भ्यालेल्याला आपली सुरक्षितता दिसते, घाईच्या माणसाला आपली संख्या दिसते. खोकणारी सून दोघांनाही दिसत नाही.

माझ्या कॅथोलिक धर्मगुरूंना मी आदरपूर्वक आठवण करून देतो, की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयी जी घोषणा प्रसिद्ध केली, तिच्यात श्रद्धेच्या प्रसारात जबरदस्तीचा वा अशोभनीय मनवळवणीचा भासदेखील होऊ नये, आणि गरीब व अशिक्षित लोकांशी वागताना तर विशेषच, अशी ताकीद आहे. आपल्या विधानसभेने विधेयक संमत केले त्याच्या छप्पन्न वर्षे आधी आपल्याच ख्रिस्तसभेने स्वतःवर घालून घेतलेले हे बंधन आहे, आणि त्यात पोलीस नाही, फलक नाही, केवळ सदसद्विवेक आहे. मेथडिस्ट, पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांना तो दस्तऐवज बंधनकारक नाही. परंतु त्यातला विवेक त्यांनाही परका वाटण्याचे कारण नाही.

गोव्याच्या ज्या किनाऱ्यावरून आमचे वाडवडील इकडे चढून आले, त्याच किनाऱ्यावर १६५१ साली जन्मलेले फादर जुझे वाझ यांचे नाव घेतल्यावाचून हे पत्र पुरे करवत नाही. १६८७ साली ते भिकाऱ्याच्या वेषाने श्रीलंकेत उतरले. कँडीत त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून अटकेत ठेवले होते. तेथील राजा विमलधर्मसूर्य बौद्ध होता. त्याने वाझ यांना पुढे मोकळीक दिली, त्यांचा सन्मान केला, आणि अखेरपर्यंत तो बौद्धच राहिला. १६९७ साली कँडीत देवीची भयंकर साथ आली, माणसे आपल्या आजारी आप्तांना रानात टाकून पळू लागली, तेव्हा वाझ आणि त्यांचे भाचे फादर कार्व्हालो त्या टाकलेल्या माणसांना शोधून त्यांचे फोड धूत, त्यांना पेज पाजीत आणि मेलेल्यांना पुरीत हिंडले. रोगी ख्रिस्ती आहे की बौद्ध, हे त्यांनी पाहिले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीतच वारले, आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले. त्यांच्या प्रार्थनेत त्या राजाचे नाव रोज असे की नाही, हे मला सांगता येणार नाही; परंतु राजाच्या नकारानंतरही ते त्याच्या राजधानीतून हलले नाहीत, ही इतिहासातील गोष्ट आहे.

आता माझी विनंती. आपल्या प्रत्येक मंडळीच्या दप्तरात बाप्तिस्म्याची नोंदवही आहे, ती असावी. परंतु ज्या घरांनी आपले ऐकून घेतले आणि नम्रपणे नको म्हटले, त्या घरांची जबाबदारीही मंडळीतील कोणावर तरी नेमून द्यावी. आजाऱ्याचे औषध, पोराची फी, म्हातारीचे पेन्शन यांसाठी जे पाऊल आपण एकदा उचलले ते बाप्तिस्मा झाला नाही म्हणून मागे घेऊ नये. घेणार असाल तर मुळात उचलू नये. देवघरातल्या टाकांना हात लावण्याची गोष्ट पाहुण्याने काढू नये. जो मनुष्य स्वतः विचारील त्याला सर्व काही सांगावे, दिवसाढवळ्या, त्याच्या घरच्यांच्या देखत, आणि त्याने होकार दिला तरी त्याला थांबायला सांगावे, महिनाभर नव्हे, वर्षभर, हवे तर अधिक. आणि येत्या आठवड्याची पहिली भेट ज्या घरी नकार मिळाला होता अशा एका घरी द्यावी. हाती पत्रके नसावीत, आणि घरचे सगळे बरे आहेत ना, एवढेच विचारावे. आपल्या शेजारच्या एका गावकऱ्याला ही विनंती करण्याची मुभा असावी.

आपला नम्र,
जांबोटीचा एक ख्रिस्ती रहिवासी